उल्हासनगर ते बारवी : जुनी स्पोर्ट्स बाईक, नवा स्वार

कल्याण स्टेशन सुटले की कर्जतच्या बाजूला जाणाऱ्या गाडीला विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही आपली गावे एकापाठोपाठ लागतात. मुंबईच्या टर्मिनसपासून कल्याण ५४ किलोमीटरवर आणि बदलापूर ६८ किलोमीटरवर. म्हणजे मधला पट्टा अवघा चौदा किलोमीटरांचा. पण या चौदा किलोमीटरांत कष्टकऱ्यांचा केवढा संसार मांडलेला आहे! कोणी ऑर्डनन्स फॅक्टरीत, कोणी एमआयडीसीत, कोणी उल्हासनगरच्या शिलाईच्या कारखान्यात, कोणी मुंबईला झाडलोटीच्या किंवा पहाऱ्याच्या कामावर. लोकल गाडी ही आपली आई खरी. पण रात्रपाळी सुटल्यावर ती प्रत्येक वेळी मिळेलच असे नाही, आणि मिळाली तरी स्टेशनापासून वस्तीपर्यंतचा रस्ता उरतोच. म्हणून आज वस्तीतल्या प्रत्येक गल्लीत चार-सहा दुचाक्या उभ्या दिसतात.

आमच्या तरुणपणी यामाहा आरएक्स १०० गल्लीतून गेली की पोरे खेळ थांबवून बघत राहत. ती गाडी १९८५ ते १९९६ या काळात आपल्याकडे निघत होती. मग १९९९ साली हिरो होंडाची सीबीझेड आली, २००१ साली बजाजची पल्सर आली, २००८ साली यामाहाची आर१५ आणि २०१२ साली केटीएमची ड्यूक २०० आली. पुढे झुकलेले अंग, टाकीला टेकलेले गुडघे, बाजूने प्लॅस्टिकचे चकचकीत आवरण, असे हे स्पोर्ट्स बाईकचे रूप आजच्या मुलांच्या मनात भरले आहे. नवी गाडी घेण्याची ऐपत नसते, म्हणून मुले जुनी शोधतात. घरात मग वाद सुरू होतो. बाप म्हणतो, साधी शंभर सीसीची घे. आई म्हणते, गाडीच नको. मुलगा रुसून बसतो.

माझे म्हणणे वेगळे आहे. मुलाच्या आवडीला हिणवू नये. ज्याने पहिल्या पगारापासून पैसे साठवले, त्याला आपल्या पसंतीचे वाहन घेण्याचा अधिकार आहे. पण वाहनाने जो मान मिळतो, तो ते नीट हाकता आले तरच टिकतो. एवढी एकच गोष्ट सांगण्यासाठी हा लेख लिहीत आहे. आमच्या शेजारच्या ताईंच्या मुलासाठी गाडी शोधताना या तिन्ही गावांतून जो फेरफटका झाला, त्याच्याच आधाराने ती सांगतो.

उल्हासनगर : गाडी बघताना

दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची मोठी छावणी होती. फाळणीनंतर सिंध प्रांतातून आलेल्या निर्वासितांना तिथल्या बराकींत ठेवले गेले, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. छावणी गेली, पण कॅम्प एक ते पाच हे आकडे पत्त्यात राहिलेच. उघड्यावर आलेल्या माणसांनी इथे बाजार उभा केला. फर्निचर, कापड, शिवलेले कपडे, सुटे भाग, काय मिळत नाही इथे? मोडलेली वस्तू दुरुस्त करून पुन्हा चालती करण्यात या शहराचा हात कोणी धरणार नाही.

जुनी गाडी घेणाऱ्याने मात्र हेच ध्यानात ठेवावे. पडलेली गाडी रंगरंगोटी करून नव्यासारखी करणे हे हुशार कारागिराला दोन दिवसांचे काम आहे. स्पोर्ट्स बाईकला तर सगळे अंग झाकणारे प्लॅस्टिकचे आवरण असते, म्हणजे दोष लपवायला आयतेच पांघरूण. म्हणून गाडी बघायला एकट्याने जाऊ नये. आपल्या ओळखीचा मेकॅनिक बरोबर न्यावा. त्याला त्या दिवसाची मजुरी द्यावी; फुकट आणलेल्या माणसाला घाई असते.

आम्ही तीन रविवार तीन गाड्या पाहिल्या. पहिली गाडी लालभडक, आरशासारखी चमकणारी. मुलाचा जीव तिच्यावर जडला. मेकॅनिकने आधी इंजिनाजवळ हात नेला, तर ते गरम! म्हणजे आम्ही यायच्या आधीच गाडी चालू करून ठेवली होती. थंड इंजिन पहिल्या झटक्यात सुरू होते की नाही, सुरू होताना खडखड करते की नाही, हेच तर बघायचे असते. तेव्हा विकणाऱ्याला आधीच सांगावे, की आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. मग मेकॅनिकने हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहिले. ते उजवीकडे जास्त आणि डावीकडे कमी वळत होते. विजेरी घेऊन त्याने हँडलच्या मुळाशी, जिथे चौकट पुढच्या शॉकअपला जोडलेली असते, तिथे पाहिले. तिथे वेल्डिंगचा ओघळ आणि त्यावर ताजा रंग होता. गाडी समोरून जोरात आदळलेली असणार. अशी गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. इंजिन पुन्हा बांधता येते. वाकलेली चौकट पुन्हा भरवशाची होत नाही.

दुसरी गाडी दिसायला साधी आणि भावही रास्त. पण मीटरच्या काचेत आतून धुके होते. सीट काढल्यावर वायरींच्या जोडांवर हिरवट गंज दिसला आणि आवरणाच्या कोपऱ्यांत वाळलेला बारीक गाळ होता. पुराच्या पाण्यात बुडालेली गाडी! आपल्या भागात ही तपासणी विशेष महत्त्वाची. २६ जुलै २००५ चा पूर कोणी विसरले नाही. २०१९ च्या जुलैमध्ये उल्हास नदीला असे पाणी आले की महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान अडकली, आणि सुमारे एक हजार प्रवाशांना बाहेर काढावे लागले. अशा वेळी सखल भागांत उभ्या असलेल्या गाड्यांचे काय होते, ते आपण डोळ्यांनी पाहिले आहे. त्या गाड्या पुढे कुठे जातात? धुऊन-पुसून बाजारातच येतात. पाणी शिरलेली वायरिंग आज चालते आणि उद्या भर रस्त्यात दिवा विझवते.

तिसरी गाडी आर१५, दुसऱ्या पिढीतली. एका नोकरदार माणसाने वापरलेली. टाकीवर एक ओरखडा, रंग थोडा उडालेला; पण इंजिन थंड होते आणि पहिल्या बटणाला सुरू झाले. धूर नाही. इथे धुराची भाषा सांगून ठेवतो. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे, काळा धूर म्हणजे पेट्रोल नीट जळत नाही. पाण्यावर थंड होणाऱ्या इंजिनातून गाडी तापल्यावरही पांढरा धूर येतच राहिला, तर थंड करणारे पाणी आत गळत असण्याची शंका घ्यावी. पुढच्या शॉकअपच्या नळीवर बोट फिरवावे. बोटाला तेल लागले तर सील गेले आहे. चेनच्या चक्राचे दात आकड्यासारखे वाकले असतील तर चेन आणि चक्रे बदलावी लागतील. मीटर कमी किलोमीटर दाखवते, पण पाय ठेवायचे रबर आणि हँडलची मूठ झिजलेली आहे, तर मीटरवर विश्वास ठेवू नये.

टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात. समजा २३१९ असे असेल, तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला आहे. नक्षी शिल्लक दिसली तरी जुने रबर कडक होते आणि पावसात घसरते. या गाडीचे टायर जुने निघाले. मेकॅनिक म्हणाला, "टायर बदलता येतील. गाडी सरळ आहे." सौदा तिथे झाला.

पैशांचा हिशेब मी वाणिज्य शाखेचा माणूस म्हणून सांगतो. हाताशी एक लाख असतील तर एक लाखाची गाडी घेऊ नका. ऐंशी हजारांपर्यंतची घ्या आणि वीस हजार टायर, चेन, ब्रेकचे पॅड, ऑइल, विमा, नाव बदलण्याचा खर्च आणि हेल्मेट यांसाठी राखून ठेवा. बचत गटाचे कर्ज काढले असेल तर हप्ता पगारातून जाईल की ओव्हरटाइमच्या आशेवर जाईल, हे आधी कागदावर लिहा. ओव्हरटाइमच्या आशेवर कर्ज काढू नये.

आणि पहिली गाडी किती ताकदीची असावी? १५० सीसीच्या आसपासची पुरे. सुरुवातीच्या आर१५ची ताकद सुमारे १७ अश्वशक्ती आहे. ड्यूक ३९० ची ४३ च्या घरात, म्हणजे अडीचपट. मूठ जराशी जास्त पिळली गेली तर नवशिक्याच्या हातून ती निसटते. जमल्यास एबीएस असलेली गाडी घ्यावी. जोरात ब्रेक दाबला तरी एबीएसमुळे चाक जाम होत नाही. १२५ सीसीपेक्षा मोठ्या दुचाकींच्या नव्या मॉडेलांना १ एप्रिल २०१८ पासून आणि आधीपासून चालू असलेल्या मॉडेलांना १ एप्रिल २०१९ पासून ते सक्तीचे झाले. त्याआधीच्या गाडीला ते नसण्याचीच शक्यता जास्त. आमच्या गाडीलाही नव्हते, म्हणून ब्रेकचा सराव अधिक करावा लागला.

कल्याण : कागद करताना

आपल्या तिन्ही गावांचे आरटीओ कार्यालय कल्याणला, म्हणून आपल्या गाड्यांवर एमएच ०५ असते. गाडी दारात आली की मुले पेढे वाटतात आणि कागद कपाटात ठेवून देतात. "काका, नाव काय, नंतर करू," असे या मुलानेही म्हटले. मी त्याला म्हटले, "बाळा, नावावर झाल्याशिवाय गाडी तुझी नव्हे. तू फक्त तिचे पेट्रोल भरतोस."

हे थट्टेने म्हटले नाही. मालक-चालकासाठी १५ लाख रुपयांचा वैयक्तिक अपघात विमा असतो. पण तो कोणाला? गाडी आणि विमा ज्याच्या नावावर आहे आणि ज्याच्याजवळ चालू लायसन्स आहे, त्याला. नाव बदललेले नसेल आणि काही बरेवाईट झाले, तर घरच्यांच्या हाती काही लागणे कठीण. विकणाऱ्यानेही गाफील राहू नये. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केले, की नोंदणी ज्याच्या नावावर आहे तोच कायद्याने मालक. गाडी विकली असे तोंडाने सांगून भरपाईची जबाबदारी टळत नाही.

तेव्हा पैसे पूर्ण देण्याआधी एवढे बघा. आरसीवरचा इंजिन नंबर आणि चॅसिस नंबर गाडीवर कोरलेल्या नंबरांशी अक्षर न् अक्षर जुळतो का? गाडीवर बँकेचा बोजा आहे का? असेल तर बँकेचा दाखला आणि फॉर्म ३५ हवा. जुने ई-चलन थकलेले आहे का? हे आता मोबाईलवरही कळते. विमा आणि पीयूसी चालू आहे का? मग फॉर्म २९ आणि ३० वर दोघांच्या सह्या करून अर्ज करावा. विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत कळवायचे असते. विमा कंपनीला चौदा दिवसांत. गाडी दुसऱ्या आरटीओकडे नोंदलेली असेल तर ना-हरकत प्रमाणपत्राचा फॉर्म २८ लागतो का, ते खिडकीवर आधी विचारून घ्यावे. कोऱ्या फॉर्मवर सही करून देऊ नये आणि घेऊही नये. आपल्या आईबापांनी अंगठा उठवून जमिनी घालवल्या. आपण शिकलो ते सही करण्याआधी वाचण्यासाठी.

लायसन्सशिवाय गाडीला हात नको. गिअरच्या गाडीला वयाची अठरा वर्षे पूर्ण हवीत. अल्पवयीन मुलाने अपघात किंवा गुन्हा केला तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालकाला किंवा गाडीमालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. लाडाने चावी देणाऱ्या मामा-काकांनी हे लक्षात ठेवावे.

अंबरनाथ : हात बसवताना

अंबरनाथचे शिवमंदिर १०६० सालचे, शिलाहार राजवटीतले. वालधुनीच्या काठी उभे आहे. देवळाचे काय ते ज्याचे त्याने ठरवावे. पण त्या दगडांवरचे काम बघण्यासारखे आहे. छिन्नी धरणारा हात वर्षानुवर्षे शिकलेला होता, हे बघताच कळते. पुढे याच गावात तोफखान्याचे आणि यंत्रांचे कारखाने आले आणि आपली माणसे लेथवर हात बसवू लागली. लेथवर पहिल्याच दिवशी कोणी अवघड काम देत नाही. आधी उभे राहून बघायचे, मग रद्दी तुकड्यावर हात बसवायचा. मोटारसायकललाही हाच नियम हवा की नको?

चाळीसगावची गोष्ट आपण सर्वांनी ऐकलेली आहे, पण या अंगाने तिचा विचार करावा. १९२९ साली सरकारने नेमलेल्या समितीचे सभासद म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर खानदेशात गेले होते. परतताना चाळीसगावच्या आपल्या लोकांनी आग्रह केला म्हणून त्यांनी तिथे मुक्काम करायचे ठरवले. स्टेशनावर एकही टांगेवाला महाराचा टांगा हाकायला तयार होईना. पाहुण्याला वस्तीपर्यंत पायी न्यायचे म्हणजे त्याचा अपमान, असे लोकांना वाटले. शेवटी टांगा भाड्याने मिळाला, पण टांगेवाल्याविना. वस्तीतल्याच एकाने लगाम हाती घेतला. त्याला टांगा हाकायचा सराव नव्हता. नदीवरच्या मोरीवर चाक दगडावर आदळले, घोडा आणि टांगा खाली गेले, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. त्यांनी स्वतःच हा प्रसंग लिहून ठेवला आहे.

दोष जातीच्या अहंकाराचा, यात शंका नाही. पण लगाम धरणाऱ्याच्या मनात प्रेम होते, आदर होता. सराव तेवढा नव्हता. आज लगाम आपल्या मुलांच्या हाती आहे आणि कोणी तो नाकारू शकत नाही. मग तो धरायला शिकण्यात कुचराई का करावी?

आम्ही आनंदनगर एमआयडीसीतला मोकळा रस्ता शोधून चार रविवार सकाळी सराव केला. मुलाजवळ लायसन्स होते, पण हाताला सवय स्कूटरची. स्पोर्ट्स बाईकवर अंग पुढे झुकते आणि सगळा भार मनगटांवर येतो. नवा माणूस हँडल घट्ट आवळतो आणि तासाभरात हात बधिर होतात. मांड्यांनी टाकी धरावी, कंबर ताठ ठेवावी, कोपर सैल सोडावेत. आरसे लहान असतात, म्हणून रांग बदलताना मान वळवून बघावे.

सगळ्यात मोठा धडा ब्रेकचा. पुष्कळजण पुढच्या ब्रेकला घाबरतात आणि फक्त पायाचा ब्रेक दाबतात. गाडी थांबताना भार पुढच्या चाकावर येतो, म्हणून थांबवण्याचे जास्त काम पुढचा ब्रेकच करतो. तो एकदम आवळायचा नाही. आधी हलका, मग भार पुढे आला की अधिक, आणि त्याच वेळी मागचाही. वळणात ब्रेक नाही. वेग वळणाआधीच कमी करायचा. आधी २० च्या वेगाने, मग ३० च्या, मग ४० च्या वेगाने ठरलेल्या खुणेवर गाडी थांबवायचा सराव शंभर वेळा करावा.

वेगाचा हिशेबही करून ठेवा. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. समोर कुत्रे आडवे आले, ते दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद जातो. तेवढ्यात गाडी दीड एसटी बसच्या लांबीइतकी पुढे गेलेली असते; ब्रेक त्यानंतर लागतो. आणि वेग दुप्पट केला तर ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचे अंतर दुप्पट होत नाही, चौपट होते.

हेल्मेट आयएसआय खुणेचेच घ्यावे. १ जून २०२१ पासून बिनखुणेचे हेल्मेट विकायलाही बंदी आहे. हनुवटी झाकणारे पूर्ण हेल्मेट घ्यावे आणि पट्टा बांधावा. पट्टा न बांधलेले हेल्मेट माणूस पडण्याआधीच डोक्यावरून उडते. एकदा जोरात आपटलेले हेल्मेट पुन्हा वापरू नये. आतला थर दबलेला असतो. जाड जॅकेट, हातमोजे आणि बूट हवेत. महागडे बूट परवडत नसतील तर कारखान्यातले सेफ्टी शूज आहेतच. चपलेवर मात्र स्पोर्ट्स बाईक चालवू नये.

बदलापूर आणि पुढे : रस्त्यावर

बदलापूर नावाबद्दल जुनी माणसे सांगतात, की पूर्वी लांबच्या वाटेवरचे स्वार इथे दमलेले घोडे बदलून ताजे घेत, म्हणून हे बदलापूर. खरेखोटे इतिहासकार जाणोत. पण गोष्टीत शहाणपण आहे. घोडा दमतो हे त्या स्वारांना कळत होते. आपल्या मुलांना बारा तासांच्या पाळीनंतर स्वतः दमलेले कळत नाही. रात्रपाळी करून डोळे मिटत असतील तर गाडी कारखान्यात ठेवून लोकलने यावे.

पाचव्या रविवारी आम्ही निघालो. पुढे मुलगा आर१५ वर, मागे मी माझ्या स्कूटरवर. कल्याण-अंबरनाथ रस्ता, १७ सेक्शन, श्रीराम चौक, मग अंबरनाथचा फॉरेस्ट नाका, चिखलोली आणि बदलापूर. या रस्त्याचे स्वभाव ओळखून घ्यावे लागतात. उल्हासनगरात उभ्या रिक्षातून प्रवासी कधी उतरेल सांगता येत नाही, म्हणून उभ्या गाड्यांपासून हातभर लांब राहायचे. अंबरनाथच्या आसपास कारखान्यांचे टँकर आणि ट्रक असतात. ट्रकच्या आरशात चालकाचा चेहरा आपल्याला दिसत नसेल, तर त्यालाही आपण दिसत नाही असे समजावे आणि त्याच्या डाव्या बाजूने कधी घुसू नये. बदलापुरात जिकडे तिकडे इमारती उठत आहेत, त्यामुळे डंपरमधून सांडलेली खडी आणि वाळू वळणांवर पडलेली असते. रंग उडालेले गतिरोधक तर सगळीकडेच. काटईकडून येणारा पाइपलाइन रस्ता मोकळा दिसतो आणि तिथेच मूठ पिळण्याचा मोह होतो. तो मोह आवरणे हीच स्वाराची परीक्षा.

उल्हास नदीचा पूल ओलांडून बारवी धरणाचा रस्ता धरला की हवा बदलते. दोन्ही बाजूंना झाडी, आदिवासी पाडे, गुरे. धरण एमआयडीसीचे. इथले पाणी मोठमोठ्या नळांतून आपल्या कारखान्यांना आणि घरांना जाते. आपण रोज पितो ते पाणी येते कुठून, हे मुलांना एकदा दाखवावे असे ठिकाण आहे. रस्त्याला वळणे आहेत आणि वळणापलीकडचे दिसत नाही. आम्ही चाळीसच्या वर गेलो नाही. तरी मुलगा थांबल्यावर म्हणाला, "काका, गाडी आज खरी कळली." ताकद वेगात असते असे त्याला वाटत होते; ती गाडी आपल्या सांगण्यावर चालते यात आहे, हे त्याला त्या वळणांवर उमगले.

पावसाळ्यात मात्र या वाटांवर फार जपावे. पहिल्या पावसात रस्त्यावरचे तेल वर येते आणि रस्ता साबणासारखा होतो. पांढरे पट्टे आणि गटारांची लोखंडी झाकणे ओली असताना त्यावर ब्रेक मारू नये. साचलेल्या पाण्याखाली खड्डा आहे असेच समजावे. कोंडेश्वरच्या धबधब्याकडे दरवर्षी मुले घोळक्याने जातात. प्रशासनाची बंदी असेल तेव्हा जाऊ नये, आणि दारू पिऊन गाडीवर बसणाऱ्याच्या मागे तर कधीच बसू नये. मित्राची चावी काढून घेतली म्हणून मैत्री तुटत नाही.

आई-बहिणींना मागे बसवताना

पहिल्यांदा मुलाने ताईंना मागे बसायला सांगितले, तेव्हा त्या सीटकडे बघून म्हणाल्या, "ही सीट आहे की माळ्यावरची शिडी?" सगळे हसले, पण ताईंचे खरे होते. स्पोर्ट्स बाईकची मागची सीट उंच, अरुंद आणि धरायला काही नसलेली. त्यात शोभा जाते म्हणून मुले मागच्या चाकाची साडीची जाळी काढून टाकतात. मोटार वाहन नियमांप्रमाणे मागे बसणाऱ्याला धरायला दांडा, पाय ठेवायला जागा आणि कपडा चाकात जाऊ नये म्हणून निम्मे चाक झाकणारी जाळी असायलाच हवी. पदर किंवा ओढणी चाकात गेली तर क्षणात गळ्याला फास बसतो. जाळी काढलेली असेल तर आधी बसवून घ्या, मग आईला बसवा. साडीत एका बाजूला बसण्यासाठी ही गाडी नव्हे. ताई आता पंजाबी ड्रेस घालून, दोन्हीकडे पाय टाकून, हेल्मेट घालून बसतात. चार वर्षांखालील मुलाला नेताना त्याला हेल्मेट आणि चालकाला बांधणारा पट्टा हवा, आणि वेग ताशी ४० च्या वर नको, असा नियम आता आहे.

केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतली शंभरातली चव्वेचाळीसपेक्षा जास्त दुचाकीवरची होती. हेल्मेट घातलेले नव्हते अशी ५०,०२९ माणसे गेली, आणि त्यांतली चौदा हजारांहून अधिक मागे बसलेली होती. या आकड्यांत श्रीमंतांची मुले किती आणि पाळीवर जाणारी, घरोघरी सामान पोचवणारी मुले किती, याचा विचार ज्याने त्याने करावा. कमावता मुलगा गेला की मागे हप्ते उरतात, म्हातारी उरते आणि शिकणाऱ्या बहिणीची शाळा सुटते.

म्हणून वस्तीतल्या कार्यकर्त्यांना एक सूचना करतो. १४ एप्रिलला आपल्याकडे मोटारसायकलींची रॅली निघते. एका गाडीवर तिघे, डोके उघडे, सायलेन्सरचा कर्कश आवाज, हे चित्र बदलायला हवे. रॅलीत येणाऱ्या प्रत्येकाने हेल्मेट घालावे, एका गाडीवर दोघेच असावेत, आवाज वाढवलेला सायलेन्सर असेल त्याने पायी चालावे, असे आयोजकांनीच आधी जाहीर करावे. त्याआधीच्या एका रविवारी मेकॅनिक बोलावून सर्वांच्या गाड्यांचे ब्रेक, टायर आणि दिवे तपासून घ्यावेत. याला वर्गणी फार लागत नाही. अपघात झालाच तर १०८ वर रुग्णवाहिका मिळते, आणि जखमीला मदत करणाऱ्याला पोलीस जबरदस्तीने साक्षीदार करू शकत नाहीत, हेही तिथे सांगावे. या भीतीने आपली माणसे बघत उभी राहतात.

मुलांनी गाडी घ्यावी, आवडीची घ्यावी. आयांनी ती घेताना पाठीशी उभे राहावे आणि दोन गोष्टी हक्काने मागाव्यात : नावावर झालेले कागद आणि पट्टा बांधलेले हेल्मेट. या दोन गोष्टी दाखवल्याशिवाय चावी मिळणार नाही, असा नियम घराघरांत झाला तर रात्री उशिरा गल्लीत वाजणारा गाडीचा आवाज ऐकून आईला झोप लागेल.